फ्री सोडलेली गाडी

नवशा घाटमाथ्यावरच्या वाघोबासमोर हात जोडून उभा होता आणि त्याच्या डाव्या पायावर मुंग्या चढत होत्या. लाल, चावऱ्या मुंग्या. फोडलेल्या नारळाच्या पाण्याचा ओघळ पायरीपर्यंत आला होता. त्याच्या कडेनं त्यांची रांग चालली होती, आणि मध्ये माणसाचा पाय आला म्हणून ती आता पायावरून चालली होती. मंजुळा टेम्पोच्या केबिनमध्ये बसून हे बघत होती. देवाच्या दारात आल्यावर माणूस देवाकडं बघतो, पण गेले आठ दिवस तिची नजर नवऱ्याच्या पायांवरून हलत नव्हती.

डाव्या पायाचं तिला कळून चुकलं होतं. मागच्या बाजाराला मनोरमध्ये, मे महिन्याच्या भर दुपारी, नवशा डांबरावरून तिच्यासाठी चहा घेऊन आला तो एका पायात चप्पल घालून. दुसरी चहावाल्याच्या बाकाखाली राहिली होती आणि ह्याला पत्ताच नव्हता. घरी आल्यावर तिनं तळवा बघितला तर रुपयाएवढा फोड. साखर त्याला बारा वर्षांपासून. पालघरच्या डॉक्टरांनी पायांना जपायला सांगितलं होतं, त्यावर "जपतोय की" म्हणून ह्यानं विषय मिटवलेला. फोडाबद्दल विचारलं तेव्हाही "चटका लागला होता, बोललो नाय एवढंच" असं म्हणून तो पाय धोतराखाली ओढून बसला होता.

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला बूट काढून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले न जोडले तोच "आयला!" म्हणून तो दोन्ही पायांवर नाचला आणि मुंग्या झटकत बाजूला झाला. त्यानं नवशाकडं बघितलं. नवशाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मुंग्यांची रांग आता डाव्या पायावरून उतरून उजव्यावर चढली होती.

मंजुळा वाट बघत राहिली. आता झटकेल. आता तरी झटकेल. एक मुंगी घोट्याजवळ वाकून चिकटली, दुसरी अंगठ्याच्या नखाशी. नवशानं शांतपणे देवाला तीनदा नमस्कार केला, पायरीवरून गुलाल उचलून कपाळाला लावला आणि तो गाडीकडं वळला.

उजवा पाय. उजवा पाय ब्रेकचा.

मागं, उघड्या टेम्पोत, सातपाटीच्या आठ बायका गोणी-टोपल्यांमध्ये बसल्या होत्या. सुके बोंबील, जवळा, करंदी, सोडे. पाऊस तोंडावर आला की मनोरच्या बाजारात आसपासच्या पाड्यांवरचे लोक चार महिन्यांची मासळी एकदम घेतात, त्यामुळं या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या आठांत मंजुळाची सून भाविका होती. पाचवा महिना. "घरात बसून कंटाळा आलाय, आई, मी येते," म्हणून ती सकाळी गाडीत चढून बसली आणि मंजुळाला तिला उतरवता येईना. उतरवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

"नवशादादा, सोडा आता!" मागून शकूनं पत्र्यावर थाप मारली.

"फ्री सोडा, फ्री!" बाकीच्या ओरडल्या.

हा शब्द काय आहे ते इथं सांगून टाकलेलं बरं. बोईसरच्या कारखान्यांचा माल नेणारे ड्रायव्हर हिंदीत "न्यूट्रल में डाल" म्हणतात. सातपाटीच्या टेम्पोवाल्यांचा शब्द "फ्री". गाडी फ्री सोडायची म्हणजे गिअर काढून घ्यायचा आणि उताराला म्हणायचं, घेऊन जा. इंजिन नुसतं गुरगुरत राहतं, चाकांशी त्याचा काही संबंध उरत नाही. पण शब्द गाडीपुरता राहिलेला नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की खलाशी फ्री. मुलीचं लग्न लागलं की आई फ्री. आणि ज्याच्या हातून आता काही होत नाही असा म्हातारा, तोही फ्री सोडलेला. हा शेवटचा अर्थ कोणी तोंडावर वापरत नाही, पण तो सगळ्यांना ठाऊक असतो.

वाघोबाला नारळ दिला की पहिल्या वळणापर्यंत गाडी फ्री सोडायची, ही या टेम्पोवाल्यांची रीत. तेवढा उतार देवाचा. तेवढ्यात माणसानं आपलं इंजिन मध्ये आणायचं नाही. पहिलं वळण आलं की गिअर टाकायचा आणि गाडी पुन्हा आपल्या ताब्यात घ्यायची. सगळे असंच करतात. नवशा मात्र अलीकडं अख्खा घाट फ्री उतरायचा. "डिझेल वाचतं," म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचा. बायकांना ते आवडायचं. इंजिनाचा गोंगाट नाही, नुसता वारा, आणि गाडी वळणावळणानं आपोआप खाली. तीस वर्षं होडीवर तांडेल म्हणून हुकूम सोडलेल्या माणसाला उतार कोण शिकवणार? मंजुळाही आठ दिवसांपूर्वीपर्यंत खिडकीत कोपर टेकवून ऐटीत बसायची. मग चप्पल राहिली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी फ्री असली की क्लच दाबावा लागत नाही. क्लच डाव्या पायाचा.

तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली होती. डावा नसला तर नसला, उजवा आहे. ब्रेक तर लागतोय.

नवशा चढून बसला. बसताना त्यानं उजवी मांडी हातानं उचलून आत घेतली. तिनं ते बघितलं, आणि तिनं बघितलं हे त्यानंही बघितलं.

"अवो," ती म्हणाली, "जरा थांबता काय?"

"कशाला?"

"थांबा ना. मला खाली उतरायचंय."

"आता मनोरलाच उतर. गर्दी व्हते बाजारात."

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मागची काच उघडी होती आणि तिच्या चौकटीला जमुनाआजीचं डोकं टेकलेलं होतं. जमुनाच्या कानावर गेलं म्हणजे सातपाटीच्या बंदरावर गेलं. नवशा तांडेलाला पाय नाहीत. होडी गेली, आता गाडीही जाणार. मग तो ओट्यावर बसणार आणि येणारा-जाणारा विचारणार, काय नवशा, फ्री का? मंजुळानं ओठ घट्ट मिटले. त्या एका क्षणाबद्दल तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

नवशानं हँडब्रेक खाली केला. गाडी हलली.

पहिलं वळण नेहमीसारखं गेलं. बायकांनी "हुऽऽ" केलं. डाव्या हाताला कठडा, कठड्यापलीकडं सागाची उघडीबोडकी झाडं, आणि त्यांच्या शेंड्यांच्या खाली दूरवर सूर्या नदीकडची शेतं. वारा केबिनमध्ये शिरला. मंजुळानं दाराची कडी धरली. तिला वारा नको होता, तिला इंजिनाचा आवाज हवा होता.

"गिअर टाका," ती हळूच म्हणाली.

"टाकतो."

"आता टाका."

"मंजुळा, गप बस."

दुसऱ्या वळणाच्या अलीकडं समोरून लोखंडाच्या गुंडाळ्या लादलेला ट्रक वर येताना दिसला. मुंगीच्या पावलानं चढत होता. त्याच्या मागं एक कार होती आणि कारवाल्याला धीर निघत नव्हता. त्यानं कारचं तोंड बाहेर काढलं, म्हणजे यांच्याच बाजूला.

नवशाचा गुडघा हलला. त्यानं पाय दाबला.

आणि इंजिन किंचाळलं.

गाडीचा वेग कमी झाला नाही. इंजिन नुसतंच ओरडत होतं, आणि चाकं आपल्या तालात खाली चालली होती. मंजुळाला काय झालं ते कळायला एक श्वास लागला. त्यानं ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. गिअरमध्ये असती तर गाडीनं उडी घेतली असती. फ्री होती म्हणून नुसती ओरडली. आणि त्याच श्वासात तिला बाकीचंही कळलं. हा डिझेल वाचवत नव्हता. हा नुसता क्लचही चुकवत नव्हता. उजवा पाय कधी कुठं पडेल याची ह्याला स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणून हा गाडी फ्री ठेवत होता. हा तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता आणि कधीपासून तरी घाबरलेला होता.

नवशानं पाय उचलला आणि ब्रेक शोधायला मान खाली घातली. रस्त्यावरून नजर काढून तो सरळ आपल्या पायांकडं बघू लागला. पाय डोळ्यांनी शोधायचा आणि डोळ्यांनीच ठेवायचा, दुसरा उपायच नव्हता.

"वर बगू नका," मंजुळा म्हणाली. आपला आवाज इतका सपाट कसा निघाला याचं तिला नंतर नवल वाटलं. "तुमी पाय बगा. रस्ता मी सांगते. डावीकडं. अजून डावीकडं. बस."

कार हॉर्न वाजवत आरशाला घासून गेली. मग ट्रकचं धूड आलं, त्याचा डिझेलचा वास आला, आणि गेलं.

"गावला?"

"गावला. दाबतोय." त्याच्या कपाळावरचा गुलाल घामानं डोळ्यांत उतरत होता. "किती दाबलाय त्ये कळंना मला."

"उजवीकडं घ्या. वळन हाय. घ्या, घ्या."

गाडी हिसका खाऊन मंदावली, मग पुन्हा सैल सुटली. त्याचा पाय पॅडलवरून घसरला होता. मंजुळानं दोघांच्या मधला हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी पकडला. एकदम ओढला तर गाडी आडवी होईल, एवढं तिला ऐकून माहीत होतं. पाण्यानं भरलेला हंडा ओढतात तसा तिनं तो जीव लावून, थोडा थोडा, वर घेतला. मागची चाकं करकरली. जळक्या रबराचा वास आला. मागं टोपल्या एकमेकींवर आदळल्या आणि भाविकाची बारीक किंकाळी ऐकू आली. ती किंकाळी मंजुळाच्या काळजात घुसली, पण तिनं हात सोडले नाहीत.

"डावीकडं. मातीत घाला. घाला मातीत!"

टेम्पो रस्ता सोडून मातीत उतरला, दगडाला धडकला आणि कठड्याच्या हातभर अलीकडं उभा राहिला. इंजिन अजून हळूच गुरगुरत होतं. मंजुळानं किल्ली फिरवली.

मग मागचा फाळका खाली पडल्याचा आवाज आला आणि बायका उतरू लागल्या.

मंजुळा आधी धावली ती भाविकाकडं. भाविका पोटावर दोन्ही हात ठेवून उभी होती, अंगभर जवळा सांडलेला.

"लागलं काय गं कुठं?"

"नाय, आई. गोनीवर पडले मी. बाळ हलतंय." तिचे ओठ पांढरे पडले होते. "काय झालं व गाडीला?"

सगळ्या बायका मंजुळाकडं बघत होत्या. नवशाही केबिनमधून उतरून गाडीला पाठ टेकून उभा राहिला होता. त्यानं मंजुळाकडं बघितलं, आणि त्या नजरेत एवढी भीक होती की तिला ती बघवेना. त्यानं आयुष्यात तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. होडी विकली त्या दिवशीही नाही.

"गाडीला काय नाय झालं," मंजुळा म्हणाली. "मी दांडा ओढला."

"तू?"

"मला भ्या वाटलं. ती गाडी अंगावर आली तशी माजी छाती धडधडाया लागली. मी ह्यांना इचारलंच नाय, ओढला सरळ."

बायकांनी तिला जे धारेवर धरलं ते बघण्यासारखं होतं. शकू म्हणाली, वादळात होडी किनाऱ्याला लावलेली बाई आणि एवढ्याशा घाटाला घाबरली? नलू म्हणाली, वय झालं गं, वय झालं. कोणी तिच्या पदराला जवळा चोळला. हसू भीतीचंच होतं, पण हसू होतं, आणि त्यांच्या तोंडांवर रंग परत येत होता. मंजुळानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. आता ह्या हसतील, आपण हट्ट धरू, दुसरी गाडी बोलावू, आणि घरी गेल्यावर बघू पुढचं. तिचा हिशेब असा होता.

तो जमुनाआजीनं मोडला.

"मंजुळा, तुला भ्या वाटतं तर तू हितं थांब," जमुना पदर खोचत म्हणाली. "येस्टी येईल खालनं, तिनं घरी जा. आमाला कशाला थांबवतंस? बाजार निम्मा सरला आसंल. चला गं, चढा. नवशा, चल बाबा. तुजा हात हाय तवर आमाला काळजी नाय."

"आज्जे, नको," मंजुळा म्हणाली.

"का नको?"

मंजुळानं सगळा दोष स्वतःवर घेतला होता आणि त्यामुळंच नवशा आता सगळ्यांच्या नजरेत पहिल्यापेक्षा जास्त भरवशाचा झाला होता. शकू चढली. नलू चढली. सांडलेल्या टोपल्या वर दिल्या गेल्या. अजून निम्मा घाट उरला होता, आणि पुढची वळणं मागच्यापेक्षा अवघड होती.

"भाविका, तू माज्याबरोबर थांब," मंजुळा म्हणाली.

"का? तुमी पन चला ना, आई. बाबा हायेत की." भाविकानं वर हात केला. वरून नलूनं तो पकडला.

"भाविका!"

"अवो आई, येवढं काय?" सुनेनं एक पाय फाळक्यावर ठेवला. तिच्या आवाजात आता जरा चीड होती.

मंजुळानं नवशाकडं बघितलं. आता सांगावंच लागणार होतं, आणि तिच्याच तोंडून सांगावं लागणार होतं. तिनं श्वास घेतला. पण नवशा गाडीपासून सुटा झाला होता. तो पावला-पावलाला खाली बघत, पाय कुठं पडतोय याची डोळ्यांनी खात्री करत मागं आला. ते चालणं एकदा कळलं की न दिसण्यासारखं नव्हतं. इतके दिवस कोणाला कसं दिसलं नाही?

त्यानं नलूच्या हातातून सुनेचा हात सोडवला.

"उतर, पोरी," तो म्हणाला. मग मान वर करून, "सगळ्याजनी उतरा."

"काय झालं रं?" जमुनानं विचारलं.

"भ्या हिला नाय वाटलं. हिनं वाचवलं तुमाला." तो थांबला. "माजं पाय गेलं, जमुनामावशे. दोनी. हायेत, पन मला कळत नायत."

घाटात माणसं गप्प झाली की माकडांचे आवाज मोठे वाटतात. वरच्या झाडीत दोन माकडं कशावरून तरी भांडत होती. बायका एकेक करून खाली उतरल्या. जमुनानं त्याच्या पायांकडं बघितलं. उजव्या घोट्यावर मुंग्या चावल्याचे लाल चट्टे टरारून उठले होते.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासनं."

मंजुळा रस्त्याकडेच्या दगडावर बसली. ती आठ दिवसांची भीती घेऊन बसली होती आणि तेवढीच तिला जड झाली होती. दिवाळीपासून. म्हणजे थंडीतले सगळे बाजार, होळीचा बाजार, शेजारच्या मेहुलच्या लग्नाचं वऱ्हाड नेलं ते. प्रत्येक वेळी ती शेजारी खिडकीत कोपर टेकवून बसलेली. तिला त्याचा भयंकर राग आला. नुसत्या रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शकू बाजूला जाऊन फोनवर गावातल्या दुसऱ्या टेम्पोवाल्याला, विपुलला, त्याचा टेम्पो घेऊन यायला सांगत होती. नवशा आला आणि मंजुळाच्या शेजारी, दगडाला हात लावून चाचपत, खाली बसला.

"आता बोल काय बोलायचं त्ये," तो म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली. मग म्हणाली,

"हात दाखवा."

"आं?"

"हात. हातांना कळतंय ना?"

त्यानं उजवा हात पुढं केला. मंजुळानं अंगठ्याच्या मागची कातडी दोन नखांत पकडली आणि जीव खाऊन चिमटा काढला.

"आग्गं!" नवशा ओरडला. "मारतंस काय?"

भाविकासकट सगळ्या बायकांनी वळून बघितलं. मंजुळाला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. तिनं डोळे पुसले.

"आता दुसरा द्या," ती म्हणाली.

नवशानं दुसरा हात लगेच पुढं केला नाही; तो त्यानं धोतराखाली ओढून घेतला.